पाचरीवरचा आकडा

१८४७ साली अमेरिकी सैन्यासाठी एक हजार रिव्हॉल्व्हरं तयार झाली. मेक्सिकोशी युद्ध चालू होतं आणि टेक्सास रेंजर्समधून सैन्यात आलेल्या कॅप्टन सॅम्युअल वॉकरने सॅम्युअल कोल्टला जुन्या नमुन्यातल्या उणिवा दाखवून नवं, दणकट हत्यार मागितलं होतं. कोल्टचा पॅटर्सनमधला कारखाना १८४२ मध्येच बुडालेला, हाती यंत्रं नाहीत. म्हणून हे काम त्याने कनेक्टिकटमध्ये धाकट्या एली व्हिटनीच्या कारखान्यात करून घेतलं. ‘वॉकर कोल्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रिव्हॉल्व्हरचं वजन दोन किलोच्या वर होतं, त्यामुळे ते कमरेला लावण्यापेक्षा खोगिराला अडकवून नेलेलं बरं. सैन्याच्या हजार नगांखेरीज कोल्टने आणखी शंभर नग खासगी विक्रीसाठी आणि भेटी देण्यासाठी बनवले. त्यांतला एक नील्स हॅन्सन नावाच्या डॅनिश जहाजाच्या कप्तानाने पेटीसकट घेतला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात त्याला १८ लाख ४० हजार डॉलर मिळाले. त्याच कारखान्यातलं, त्याच वर्षीचं, त्याच पोलादाचं दुसरं एखादं वॉकर घासूनपुसून चकचकीत केलेलं आणि दोनचार भाग बदललेलं असेल, तर त्याला या रकमेचा लहानसा अंशच मिळतो.

हा फरक कशाचा? दुर्मीळपणाचा, असं उत्तर चटकन सुचतं, पण ते पुरत नाही. कोल्टचं १८५१ चं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर एकट्या हार्टफर्डच्या कारखान्यातून दोन लाखांहून जास्त बाहेर पडलं, १८४९ चं खिशातलं मॉडेल तर तीन लाखांच्या वर गेलं. ही काही दुर्मीळ चीज नव्हे. तरीही एकाच मॉडेलच्या दोन नगांच्या किमतीत दहापट, वीसपट अंतर पडतं. उलट एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी छोट्या अमेरिकी कारखानदारांनी मोजकीच रिव्हॉल्व्हरं काढली आणि आज त्यांना फारसं कोणी विचारत नाही. सौंदर्य हे दुसरं उत्तर. तेही तोकडं पडतं, कारण नव्याने झिलई दिलेलं रिव्हॉल्व्हर डोळ्यांना जास्त सुंदर दिसतं आणि बाजारात कमी भावाने जातं. माझं म्हणणं असं की, जाणकार संग्राहक पैसे मोजतो ते पुराव्याला. आणि सगळ्यात जास्त मोजतो ते अशा पुराव्याला, जो मागे ठेवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हता की आपण पुरावा ठेवतो आहोत. रिव्हॉल्व्हरवर कोणी मुद्दाम कोरलेलं नाव, घराण्यात सांगितली जाणारी कथा, प्रतिज्ञापत्र या गोष्टी कोणाची तरी खात्री पटवण्यासाठीच निर्माण झालेल्या असतात. कारखान्यातल्या कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी मारलेला आकडा कोणाचीच खात्री पटवायला बसलेला नसतो. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

हे आकडे आले कुठून, ते पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. १८५५ मध्ये हार्टफर्डला कोल्टने उभा केलेला कारखाना हा त्या काळातल्या यंत्रयुगाचा मानबिंदू होता. एलिशा रूट या कसबी यंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तिथे एकेका भागावर एकेक यंत्र, एकेक कृती अशी विभागणी झाली होती. त्याआधी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला होता, आणि १८५३ पासून तीनेक वर्षं थेम्सच्या काठी त्याचा लंडनचा कारखानाही चालला. एका रिव्हॉल्व्हरचा कोणताही भाग दुसऱ्याला बसतो, ही त्याची जाहिरात. इंग्रजांना तिची इतकी भुरळ पडली की, १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने बंदूकनिर्मितीची चौकशी करताना या पद्धतीचीही चर्चा केली. प्रत्यक्षात जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत अंतर होतं. यंत्रातून निघालेले भाग जवळपास सारखे असत, तंतोतंत सारखे नसत. शेवटचा मेळ कानस हातात घेतलेला कारागीरच जमवी. भाग मऊ असतानाच ते एकमेकांना बसवून पाहायचे, मग सगळं पुन्हा सुटं करायचं. कोणता भाग कडक करायला भट्टीकडे जाणार, कोणता घासायला, कोणता निळ्या झिलईसाठी. एवढ्या फिरतीनंतर हीच नळी याच फ्रेमला, हेच सिलिंडर याच दांड्यावर परत यायला हवं. म्हणून प्रत्येक भागावर एकच क्रमांक ठोकला जाई. म्हणजे आज संग्राहक ज्या जुळत्या क्रमांकांसाठी जीव टाकतो, ते कोल्टच्या जाहिरातीतला दावा पुरता खरा नव्हता म्हणून जन्माला आले. भाग खरोखरच अदलाबदल करता आले असते, तर लपलेल्या जागी आकडे ठोकण्याची यातायात कोणी कशाला केली असती!

१८५१ चं नेव्ही हातात घेतल्यावर तपासणी कशी चालते ते पाहू. सहा गोळ्यांचं सिलिंडर, साडेसात इंची अष्टकोनी नळी, काडतुसाचं नव्हे तर दारू ठासून स्फोटक टोपीने (पर्कशन कॅप) उडवायचं हत्यार. त्याला वरून फ्रेमची पट्टी नाही. नळी फ्रेमला धरून ठेवते ती एक छोटी पोलादी पाचर. ती आडवी आरपार जाते, नळीच्या बुंध्यातून आणि सिलिंडरच्या मधल्या दांड्यातून. हलक्या हाताने ठोकून पाचर काढली की नळी पुढे ओढून निघते, मागोमाग सिलिंडर. मग वाचन सुरू. नळीच्या बुंध्याखाली, फ्रेमच्या पोटाशी, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या तळाशी क्रमांक सहज दिसतो. सिलिंडरवर, दारू ठासायच्या दांडीवर आणि मधल्या दांड्यावर तो शोधावा लागतो, काही ठिकाणी शेवटचे आकडेच असतात. लाकडी मूठ उतरवली तर आतल्या खाचेत शाईने लिहिलेला क्रमांक कधीकधी अजून वाचता येतो. आणि शेवटी पाचर. साफसफाईसाठी तीच वारंवार निघे, तीच हरवे, तीच वाकून बदलली जाई. त्यामुळे पाचरीवरचा आकडा बाकीच्यांशी जुळला, तर त्याचा अर्थ एवढाच नाही की पाचर मूळची आहे. हे रिव्हॉल्व्हर दीडशेहून जास्त वर्षांत निष्काळजी हातात फारसं पडलेलं नाही, हेही तो आकडा सांगून जातो.

आकडे जुळले म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. सिलिंडरवर एक समुद्रयुद्धाचं चित्र उमटवलेलं असतं. वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांच्या छपाईसाठी कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने ते कोरलं. प्रसंग १६ मे १८४३ चा, टेक्सासचं आरमार मेक्सिकोच्या जहाजांशी कँपीचजवळ भिडलं त्या लढाईचा. पोलादी रूळ दाबून हे चित्र सिलिंडरवर उठवत, त्यामुळे रेघा अगदी उथळ. वापराने, गंजाने आणि त्याहून जास्त घासण्याने आधी तेच पुसलं जातं. चित्रातल्या शिडांच्या दोऱ्या दिसतात की नुसती जहाजांची सावली उरली आहे, यावरून पृष्ठभागाचा किती थर गेला ते कळतं. चापाची कडी आणि मुठीचा कणा पितळी. नागरी विक्रीच्या बहुतेक नगांवर त्याला चांदीचा मुलामा असे. हाताच्या घामाने तो उडतो, पण कडी जिथे फ्रेमला टेकते त्या कोपऱ्यात चांदीची काळवंडलेली बारीक रेघ राहून जाते. नळीच्या तोंडाशी निळी झिलई चामडी म्यानात घासून विरळ झालेली असायला हवी. ती तिथे गडद आणि मुठीजवळ मात्र झिजलेली असेल, तर काहीतरी चुकतंय. खऱ्या झिजेला हाताची आणि म्यानाची तर्कसंगती असते.

आता झिलईकडे. कोल्टच्या फ्रेमवर आणि घोड्यावर करड्या, निळ्या, गवती पिवळ्या रंगांच्या लाटा दिसतात. ते रंगकाम नाही. हाडांचा आणि चामड्याचा कोळसा भरलेल्या लोखंडी पेटीत भाग तापवून एकदम पाण्यात बुडवला की वरची पातळ साल कडक होते, आणि त्याच क्रियेत हे रंग उमटतात. उन्हाने आणि हाताळण्याने ते फिके पडत जातात. नळी आणि सिलिंडरवरची निळी झिलई वेगळ्या कृतीची, तीही कालांतराने तपकिरी होत जाते. मूळ झिलई किती टक्के उरली, यावर अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने पुरातन हत्यारांसाठी प्रतवारी ठरवली आहे: सगळे भाग मूळचे आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त झिलई असेल तर ‘उत्कृष्ट’, तीस टक्क्यांच्या वर असेल तर ‘फाइन’, त्याखाली आणखी पायऱ्या. नव्याने झिलई दिलेला नग थेट ‘चांगला’ या पायरीवर घसरतो. ऐकायला ‘चांगला’ हा शब्द बरा वाटतो, पण तो उत्कृष्टापासून तिसऱ्या पायरीवर आहे. या बाजारातली विशेषणं अशीच फसवी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. झिलईची ही पूजा म्हणजे न वापरलेल्या हत्याराचा गौरव नव्हे का? पेटीत बंद राहिलेलं रिव्हॉल्व्हर शेवटी काय सांगणार? ज्याने सैनिकाच्या कमरेला अमेरिकेचं चार वर्षांचं यादवी युद्ध पाहिलं, ज्याची मूठ घामाने काळी झाली, तेच इतिहासाचा खरा साक्षीदार. आणि बाजार नेमकं त्यालाच खालच्या पायरीवर बसवतो. या आक्षेपातलं अर्धं मला मान्य आहे. प्रामाणिक झिजेला मिळतो त्याहून जास्त भाव मिळायला हवा, आणि टक्केवारीचं कोष्टक ही लिलावदारांची सोय आहे, ज्ञानाचं माप नाही. पण उरलेलं अर्धं विसरू नये. मूळ झिलईला किंमत आहे ती ती सुंदर आहे म्हणून नव्हे. ती एकदा गेली की परत आणता येत नाही, आणि ती शाबूत असेल तर मधल्या काळात कोणी त्या पृष्ठभागावर कानस, सँडपेपर किंवा बफ चालवलेला नाही याची हमी मिळते. लाखेच्या मोहोरेचं काम ती करते. मोहोर शाबूत असली की आतले ठसे, आकडे, निरीक्षकांच्या खुणा यांवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. म्हणूनच प्रामाणिकपणे झिजलेलं, तपकिरी पडलेलं पण कोणी न छेडलेलं रिव्हॉल्व्हर जाणत्या माणसाला चालतं. ‘साफ’ केलेलं चालत नाही. बफच्या चाकाने अष्टकोनी नळीच्या धारा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, अक्षरांचे कोपरे विरघळतात. अशा साफसफाईत माणूस स्वतःच्या हाताने साक्षीदाराची जीभ कापतो, आणि बहुतेक वेळा हे काम मोठ्या प्रेमाने केलेलं असतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. अजाणता राहिलेला पुरावा मोलाचा, हे एकदा सगळ्यांना कळलं की तोही जाणूनबुजून बनवला जाणार. आकडा काय, कोणीही ठोकू शकतो. आणि तसं झालंही आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली असताना, इटलीतल्या ब्रेशिया परिसरातल्या कारागिरांकडून नेव्हीच्या नमुन्याच्या नव्या प्रतिकृती बनवून अमेरिकेत विकायला सुरुवात झाली. त्या हौशी नेमबाजांसाठी, उघडपणे नव्या म्हणून विकल्या गेल्या. बनवणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. पण इटलीच्या कायद्याप्रमाणे त्यांवर तपासणीचे ठसे आणि वर्षाची सांकेतिक अक्षरं असत. ती घासून टाकून, आम्लाने गंज चढवून, त्या खऱ्या म्हणून खपवणारे लवकरच निघाले. सर्वांत सोपी शिकार दक्षिणेकडच्या संघराज्यात बनलेल्या रिव्हॉल्व्हरांची. जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिल इथे ग्रिसवोल्ड आणि गनिसन यांनी पितळी फ्रेमची सुमारे ३६०० रिव्हॉल्व्हरं बनवली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने तो कारखाना जाळून टाकला. पोलादाची टंचाई म्हणून पितळ. तेच पितळ आज सोन्याच्या भावाने जातं. पितळी फ्रेमची प्रतिकृती तर कुठेही मिळते.

पण खोटं कुठे उघडं पडतं तेही याच उदाहरणात दिसतं. ग्रिसवोल्डच्या कारखान्यात सिलिंडरसाठी चांगलं पोलाद नव्हतं, तेव्हा लोखंडाच्या कांबी तापवून पीळ देऊन घट्ट केल्या जात. त्या पिळाच्या तिरप्या रेघा सिलिंडरच्या अंगावर बारकाईने पाहिलं की आजही दिसतात. इटालियन प्रतिकृतीचं सिलिंडर एकसंध पोलादाचं. त्यात पीळ कुठून येणार? बनावट करणाऱ्याने आकडा जुळवला, तरी आकड्याच्या ठशाचं वळण जुळवायला हवं. वळण जुळलं, तरी ठसा झिलईच्या आधी मारलेला दिसायला हवा. नंतर मारलेल्या ठशाच्या कडेला उठलेली धातूची कोर चकाकते, तळाशी झिलई फुटलेली असते. तेही साधलं, तर लाकडाच्या आतली शाई, चांदीची रेघ, नळीच्या तोंडाची झीज, लोखंडातला पीळ. हे सगळे साक्षीदार एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येकाने स्वतंत्रपणे साक्ष दिलेली असते. एकाला फोडता येतं, सगळ्यांना एकाच कथेवर आणणं फार अवघड. घासून काढलेला आकडाही पुरता जात नाही. ठोकताना खालच्या धातूचे कण दाबले गेलेले असतात, म्हणून पृष्ठभाग सपाट केला तरी आम्लाने किंवा चुंबकीय कणांच्या पद्धतीने पुसलेला क्रमांक पुन्हा वर आणता येतो. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत हे रोजचं काम आहे.

जुळणारे आकडे म्हणजे अस्सल, न जुळणारे म्हणजे बिघडलेलं, हा सोपा नियम लावणाऱ्यांसाठी एक गंमतशीर अडचण अमेरिकी सैन्यानेच करून ठेवली. १८७३ मध्ये सैन्याने कोल्टचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ स्वीकारलं, साडेसात इंची नळीचं, .४५ काडतुसाचं, लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘पीसमेकर’. निरीक्षक ऑर्व्हिल डब्ल्यू. एन्सवर्थची ओ डब्ल्यू ए ही आद्याक्षरं मुठीवर आणि नुसतं ए नळी, सिलिंडर, फ्रेमवर, ही सुरुवातीच्या घोडदळी नगांची ओळख. पुढे १८९५ पासून काही वर्षांत सैन्याने हजारो जुने नग गोळा करून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या. आधी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत आणि नंतर कोल्टच्या कारखान्यात हे काम झालं. भाग सुटे केले, ढिगात टाकले, बसेल तो भाग बसेल त्या फ्रेमला लावला. क्रमांकांची पर्वा फारशी कोणी केली नाही. या ‘आर्टिलरी मॉडेल’च्या बहुतेक नगांत आकडे न जुळणं हाच अस्सलपणा. साडेपाच इंचांची, सैन्याच्या दुरुस्तीच्या खुणांची आणि सगळे आकडे तंतोतंत जुळणारी आर्टिलरी समोर आली, तर जाणकाराच्या भुवया वर जातात. कोणी तरी नीटनेटकेपणाच्या हौसेने इतिहास सुधारला की काय? असंच कारखान्यातल्या बदलांचं. काडतूस मागून भरता यावं म्हणून आरपार छिद्रांचं सिलिंडर १८५५ मध्ये रॉलिन व्हाइटने पेटंट केलं. स्मिथ अँड वेसनने दर नगामागे २५ सेंट देऊन तो हक्क घेतला, आणि १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीला हात चोळत बसावं लागलं. पेटंट संपल्यावर कोल्टने जुन्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांना काडतुसाचं करून विकलं. बदललेली म्हणून ती कमअस्सल ठरत नाहीत. बदल कोणी, कधी, कशासाठी केला हे ठरलेलं असतं. म्हणून मूल्यांकनात पहिला प्रश्न ‘मूळचं आहे का’ हा असू नये. ‘जे सांगितलं जातंय त्याच्याशी ही वस्तू जुळते का’ हा असावा.

कागदपत्रांनाही हीच कसोटी लावायला हवी. कोल्टच्या दप्तरात कोणता क्रमांक कोणत्या तारखेला, किती इंची नळी, कोणती झिलई, कोणती मूठ लावून कोणत्या व्यापाऱ्याकडे गेला याच्या वह्या आहेत, आणि त्यावरून कंपनी शुल्क घेऊन पत्र देते. सगळ्या काळाच्या त्या नाहीत. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला लागलेल्या आगीने टोपीच्या काळातल्या कागदांचं मोठं नुकसान केलं. या वह्यांचं मोल कशात आहे? हिशेबनिसाला आपली उधारी-वसुली सांभाळायची होती. शंभर वर्षांनी कोणी त्यावरून लाखांचे सौदे करील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आज नळी साडेसात इंची आणि वहीत पावणेपाच इंची असेल, तर वही खरी धरायची. उलट छापील पुस्तकातली कथा पाहा. स्टुअर्ट लेकने १९३१ मध्ये वायट अर्प या शांतिरक्षकाचं चरित्र लिहिलं आणि त्यात सांगितलं की, नेड बंटलाइन या कादंबरीकाराने अर्पसह पाच शांतिरक्षकांना बारा इंची नळीची खास कोल्ट भेट दिली. कथा इतकी गाजली की, पुढे १९५७ मध्ये कोल्टने ‘बंटलाइन’ नावाने लांब नळीचं मॉडेल बाजारात आणलं. पण लेकच्या कथेतल्या ऑर्डरला कारखान्याच्या वह्यांत आधार सापडत नाही. कथेने वस्तू जन्माला घातली, वस्तूने कथा नव्हे.

मग २०२१ चं काय, असं कोणी विचारील आणि तो तिसरा, सगळ्यात अवघड आक्षेप आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात एक सिंगल ॲक्शन कोल्ट ६० लाख ३० हजार डॉलरला गेलं. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट समनरला फरारी गुन्हेगार बिली द किडला मारलं ते हेच. झिलईच्या टक्क्यांसाठी एवढा पैसा कोणी दिला नाही, दिला तो गोष्टीसाठी. म्हणजे सारा युक्तिवाद कोसळला? मला वाटत नाही. बिली द किडच्या गोष्टी शेकड्यांनी आहेत, त्याची म्हणून सांगितली जाणारी हत्यारंही कमी नाहीत. साठ लाख मिळाले ते या एकाला. गॅरेटने ते डिसेंबर १८८० मध्ये बिलीच्या टोळीतल्या बिली विल्सनला पकडताना घेतलं. पुढे ते एल पासोच्या टॉम पॉवर्सच्या मद्यगृहात प्रदर्शनात होतं. पॉवर्सच्या मृत्यूनंतर १९३० च्या दशकात गॅरेटची विधवा अपोलिनारिया हिने ते परत मिळवण्यासाठी कोर्टात दावा लावला आणि ती जिंकली. हा दावा संग्राहकांना पटवण्यासाठी लावलेला नव्हता. एका वस्तूच्या मालकीवरून दोन पक्ष खरोखर भांडत होते, आणि ती वस्तू तीच आहे याबद्दल दोघांचाही वाद नव्हता. घराण्याची आख्यायिका आणि भांडणाचा दप्तरी कागद यांत हा फरक आहे. गोष्टीला भाव आला खरा, पण तिच्याखाली असा पाया होता म्हणून.

पाया नसताना गोष्ट विकायचा मार्गही बाजाराने काढला आहे. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या काठी कस्टर आणि त्याचे शेकडो सैनिक मारले गेले. कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे गेलेल्या कोल्टच्या खेपांचे क्रमांक साधारण कुठून कुठपर्यंत असावेत याचा अभ्यासकांनी अंदाज बांधला, आणि लगेच ‘त्या पट्ट्यातला क्रमांक’ असं म्हणत किंमत वाढवून मागणारे उभे राहिले. पट्ट्यात असणं आणि कस्टर पडला त्या टेकडीवर असणं यांत मैलांचं अंतर आहे. खरा पुरावा कसा दिसतो ते त्याच रणभूमीने दाखवलं. १९८३ मध्ये वणव्याने तिथलं गवत जळून गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातुशोधक यंत्रांनी ती जमीन धुंडाळली. सापडलेल्या रिकाम्या काडतुसांवर घोड्याच्या टाचणीने पाडलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, हे त्यांना मांडता आलं. गोळी झाडणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काहीही असो, आपल्या बंदुकीची सही जमिनीत राहते आहे, हे नक्कीच नव्हतं.

कायद्यालाही अखेर अशाच एका खुणेचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘पुरातन’ आणि संघीय कायद्याच्या बऱ्याच बंधनांतून मुक्त; १८९९ चं तेच मॉडेल साध्या बंदुकीच्या वर्गात. सिंगल ॲक्शन कोल्ट १८७३ ते १९४० असं सलग बनत राहिलं, सीमारेषा त्याच्या मधून जाते. दिसायला सख्खी भावंडं वाटणाऱ्या दोन नगांपैकी एक पोस्टाने घरी येऊ शकतो आणि दुसऱ्यासाठी परवानाधारक विक्रेता लागतो, आणि ठरतं ते फ्रेमवरच्या क्रमांकावरून. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: पुरातन मूल्याचं हत्यार दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल, तरच सूट. त्यामुळे अमेरिकेत बिनपरवान्याचं ठरलेलं, पण व्यवस्थित चालणारं नेव्ही कोणी हौसेने पुण्या-मुंबईला आणू पाहील, तर त्याच्या पाचरीवरचा आकडा जुळतो की नाही हे इथे कोणी विचारणार नाही.